खाट की जमीन

दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना डाव्या हाताला आत वळलं की एक तांडा लागतो. तिथली चंदाबाई बसण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. चटई असो, पोतं असो, नवी गोधडी असो, स्वतः बसून पाहिल्याशिवाय ती वस्तू घरात ठेवून घेत नसे. आठवडी बाजारात चटईवाल्यापुढे ती भर रस्त्यात मांडी घालून बसायची, जरा इकडे-तिकडे सरकून पाहायची आणि मगच भाव विचारायची. लोक हसायचे. पण जिचं सगळं आयुष्य जमिनीवर बसण्यात गेलं, तिनं जमिनीवर काय अंथरायचं याची पारख ठेवली तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

कारण त्या तांड्याची रीतच तशी. वडीलधाऱ्या पुरुषासमोर बाईनं खाटेवर बसायचं नाही. सासरा, जेठ म्हणजे थोरला दीर, किंवा तांड्याचा नायक समोर असला की बाईची जागा खाली. आणि चार माणसांत नवऱ्याशेजारी खाटेवर बसणं तर कुणाच्या मनातही येत नसे. आता सगळ्याच तांड्यांत हे राहिलेलं नाही. पोरी मोटारसायकलवर नवऱ्याला खेटून बसून यवतमाळला जाऊन येतात आणि कुणाला काही वाटत नाही. पण चंदाबाईचा नवरा हिरासिंग हाच तांड्याचा नायक. नायकाच्या दारात रीत जरा जास्तच कडक असते, आणि ती पाळायला घरची बाई असतेच.

तर वर्षानुवर्षं संध्याकाळी असं चालायचं: निंबाखाली खाटेवर हिरासिंग, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर चंदाबाई, आजूबाजूला तांड्यातली माणसं. हिरासिंगचा आवाज मोठा. तो वर बोलायचा, ती खालून ऐकायची. कुणाचं भांडण आलं आणि नायकाचं काही चुकतंय असं वाटलं, की ती मान न वळवता, हातातल्या गोधडीच्या टाक्यावर नजर ठेवून हळूच एखादं वाक्य सोडायची. थोड्या वेळानं तेच वाक्य हिरासिंगच्या तोंडून निघायचं आणि लोक म्हणायचे, नायकाचं डोकं तेज. दोघांनाही ह्या कारभाराची मौज वाटायची.

गेल्या दिवाळीच्या आधी हिरासिंगला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि जीभही जड झाली. डोकं शाबूत होतं, हेच फार वाईट होतं. तो बोलायचा, पण आवाज ओठांबाहेर जेमतेम यायचा आणि शब्द अर्धेच निघायचे. ते अर्धे शब्द सबंध तांड्यात एकट्या चंदाबाईला कळत. तिलाही नुसत्या कानानं कळत नसत. समोर बसून त्याचे ओठ पाहावे लागत. घरात काही अडचण नव्हती. दार लोटलं की ती त्याच्या खाटेवर बसायची, तोंडाकडे पाहायची, आणि दोघांचं सगळं बोलणं व्हायचं. त्याच्या आवाजापायी तिला त्याच्याशेजारी बसायला मिळालं, ह्याचं तिला मधूनच बरं वाटे आणि मग लाज वाटे.

अडायचं ते बाहेर. नाल्याचं पाणी येतं म्हणून घराचा चौथरा छातीइतका उंच बांधलेला. दोन-चार गडी त्याला पायऱ्यांवरून उचलून निंबाखालच्या खाटेवर आणून ठेवायचे. तो वर, ती खाली. खालून तिला त्याची हनुवटी दिसे, ओठ दिसत नसत. लोक काही विचारायचे, तो काही सांगायचा, कुणालाच कळायचं नाही, आणि सगळे माना डोलवायचे. त्या माना डोलवण्याचा त्याला भयंकर राग येई. मग ती उठायची, सगळ्यांदेखत नवऱ्याच्या तोंडाशी वाकायची, तोवर तो डोळे मिटून घ्यायचा. पुढे पुढे त्यानं खाली न्यायलाच नकार दिला. धान्याच्या पोत्यासारखं उचलून नेलेलं त्याला नको होतं. नायक घरात पडला आणि लोक यायचे थांबले. चंदाबाईला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

होळीला त्यांचा मुलगा बादल पुण्याहून आला. तो तिथे बंगल्यांची आतली-बाहेरची सजावट करणाऱ्या एका ठेकेदाराकडे साइटवर काम पाहतो. त्यानं दोन दिवस बापाची हालत पाहिली आणि म्हणाला, आपण डेक बांधू. डेक म्हणजे काय, हे त्यानं मोबाइलवर दाखवलं. दारापुढे लोखंडी सांगाडा उभा करायचा, चौथऱ्याच्या उंचीचा, आणि त्यावर फळ्या ठोकायच्या. खालून नाल्याचं पाणी जाईल, निंबाच्या मुळ्यांना धक्का नाही. चाकाची खुर्ची दारातून सरळ फळ्यांवर जाईल. तिथे भिंतीशी गादी टाकायची, मागे लोड, आणि भिंतीत एक लोखंडी कडी बसवायची, म्हणजे डाव्या हातानं धरून बा स्वतः गादीवर उतरेल आणि स्वतः उठेल. मुरूम भरून ओटा केला असता तर पाणी अडलं असतं. ते आधीच एकदा करून पाहिलं होतं आणि पावसाळ्यात अंगणात कमरेइतकं पाणी तुंबलं होतं.

चंदाबाईनं मोबाइलवरचा फोटो बराच वेळ पाहिला. त्यात कुणी गोरी माणसं खुर्च्यांवर बसली होती. ती खुर्च्यांकडे पाहत नव्हती. ती पाहत होती की हिरासिंग गादीवर बसला, म्हणजे तो खालीच बसला. आणि तीही त्याच फळ्यांवर खालीच बसली, तर दोघांची तोंडं एका पातळीवर येतात. चार लोकांत, उघड्यावर, आणि रीतही मोडत नाही. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. फक्त बादलला म्हणाली, बांध.

आता फळ्या कशाच्या, यावर दोन तट पडले. बादलनं पुण्याहून कंपोझिटचे तुकडे आणले होते: लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवून केलेल्या, चॉकलेटी रंगाच्या फळ्या. वाळवी लागत नाही, कुसळ जात नाही, दरसाल तेल पाजायला नको, नुसतं धुतलं की झालं. धुणं जिच्या वाट्याला यायचं ती सून वर्षा, म्हणजे बादलची बायको, अर्थातच ह्या फळीच्या बाजूनं. दुसऱ्या बाजूला दिग्रसचे डोमाजी सुतार. त्यांच्याकडे जुन्या घरातून निघालेलं पक्कं सागवान होतं, आणि यवतमाळ जिल्ह्यात राहून दारात प्लॅस्टिक टाकायचं ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. हिरासिंगनं डावा तळवा सागाच्या फळीवर फिरवला आणि तो तिथेच ठेवला. त्याचं मत सगळ्यांना कळलं.

चंदाबाईचं मत कुणी विचारलं तेव्हा तिनं तिचं नेहमीचंच सांगितलं. दोन्ही आणून ठेवा, मी बसून पाहीन. बादल हसला, पण त्यानं तसं केलं. पायऱ्यांच्या वर, दारापुढे जो छोटा मोकळा चौथरा होता तिथे डोमाजींनी सागाच्या चार फळ्या बुटके पाय लावलेल्या दांड्यांवर ठोकून ठेवल्या, आणि शेजारी तशाच पुण्याच्या. हिरासिंगची खुर्ची दारात. चंदाबाई पदर सावरून आधी सागावर बसली. बोटांनी चाचपलं, सरकून पाहिलं, पाय पसरले, मांडी घातली. छान वाटलं तिला.

तेवढ्यात खालून रुपीबाई चालली होती. रुपीबाई ही हिरासिंगची थोरली चुलत बहीण. नवरा गेल्यावर माहेरच्या तांड्यात येऊन राहिलेली. तांड्यात कुठल्या सणाला काय, कुणी कुणापुढे कसं बसायचं, याचा शेवटचा शब्द तिचा. ती पायरीशी थांबली आणि वर पाहत राहिली.

"काय व चंदा," ती म्हणाली, "लाकडाच्या फळ्या, खाली पाय, वर बसाले जागा. याले खाटच म्हनते ना? आन् नायकापुढे तू खाटंवर बसून राह्यली?"

चंदाबाई चटकन उठली. खरं तर वाद घालण्यासारखं होतं, आणि वाद घालायला ती कमी नव्हती. पण ज्या रीतीचा तिनं स्वतः लोकांच्या सुनांपुढे पाढा वाचला होता, तीच आता तिच्यापुढे येऊन उभी होती. तिचं तोंड उतरलं. बादलला मात्र आयतं कोलीत मिळालं. तो म्हणाला, आत्या, सागवान खाट असेल, पण ही दुसरी फळी लाकडाची नाहीच. भुसा आणि प्लॅस्टिक. रुपीबाई वर आली, तिनं पुण्याच्या फळीवर नख ओढलं, वास घेतला, आणि बराच विचार करून सांगितलं की ही चटईच्या जातीची झाली, हिच्यावर बसायला हरकत नाही. हा न्याय कुठल्या कोर्टात टिकला असता कोण जाणे, पण तांड्यात टिकला. संध्याकाळपर्यंत पाच-सहा बाया येऊन त्या फळीवर बसून गेल्या.

चंदाबाईही बसली. हिरासिंगला दारातच उंबऱ्याशी गादीवर उतरवलं होतं, ती त्याच्यासमोर, आणि पायऱ्यांवर शेजारची माणसं. तो काही बोलला की ती त्याच्या ओठांकडे बघून लगेच मोठ्यानं सांगायची. त्यानं एकाला त्याच्या बैलाबद्दल विचारलं, दुसऱ्याला लग्न झालेल्या पोरीबद्दल, आणि राजकुमार नावाच्या पुतण्याला अशी एक कोपरखळी मारली की सगळे खळखळून हसले. लकवा मारल्यापासून त्याच्या बोलण्यावर लोक पहिल्यांदाच हसले होते, आणि तो तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसत होता. चंदाबाईला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिला जेवणच गेलं नाही. बादलनं फोन करून पुण्याच्या फळ्या सांगायच्या, असं ठरलं.

फोन दुसऱ्या दिवशी करायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर हिरासिंगला तिथेच दारात बसायचं होतं. तिनं त्याला उंबऱ्याशी बसवलं, पाय पुण्याच्या फळीवर सोडले आणि वाटीभर कैऱ्या चिरायला आत गेली. तेव्हा तिथे सावली होती. होळीनंतरचे दिवस, निंबाची पानं झडलेली, सावली कसली, नुसत्या काड्यांची जाळी, ती सरकली. हिरासिंगला डुलकी लागली. तो उठला तेव्हा हसतच होता, कुठे काही दुखत नव्हतं. संध्याकाळी पाय धुताना तिला दिसलं की उजव्या टाचेपासून बोटांपर्यंत फोड आला आहे, आणि एका जागी कातडी सुटली आहे.

त्याला कळलंच नव्हतं. तो पाय त्याला काहीच कळवत नव्हता. चंदाबाईनं दोन्ही हातांत तो पाय धरला आणि ती रडली. नवऱ्यानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, काहीतरी बोलला, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे तिला त्याचे ओठ दिसले नाहीत.

बादलला वाईट वाटलं, पण तो साइटवरचा माणूस. त्याच्याकडे उपाय होते. वर टिनाचं शेड टाकू. फिका रंग घेऊ. पायाखाली चटई टाकू, मोजे घालू. तिनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात तिनं एक तळवा सागावर ठेवला, एक पुण्याच्या फळीवर. साग तापला होता, पण हात टेकवता येत होता. दुसऱ्या फळीवरून तिनं हात लगेच उचलला. ऊन गेल्यावर, दिवा लागायच्या वेळी, तिनं पुन्हा हात लावून पाहिला, तेव्हाही ती फळी ऊनच होती. अजून वैशाख पुढे होता.

"चटई सरकते, मोजा निंघते," ती मुलाला म्हणाली. "हात भाजला तं मानूस वरडते, बादल. थो पाय गुपचूप जळते. सागाचंच कर."

"आन् तू, याडी? आत्या तुले सागावर बसू देईन काय?" बादलनं आईला विचारलं.

"मी खाली बसीन. आजपावतर बसलीच ना."

बादलला पहिल्यांदा कळलं की आई एवढे दिवस फळी कशासाठी निवडत होती. तो आत्याशी भांडायला निघाला, तर चंदाबाईनं त्याला अडवलं. नायकाच्या घरानं रीत भांडून मोडली तर बाकीच्यांनी काय करायचं, असं तिचं म्हणणं. हे म्हणणं बरोबर होतं की तिचा हट्ट होता, हे सांगणं कठीण आहे. पण ती मनातून फार खचली होती, एवढं खरं. हातात आलेली गोष्ट तिनं स्वतःच्या हातानं परत दिली होती.

एप्रिल संपता संपता डोमाजींनी काम पुरं केलं. सांगाडा दगडी ठोकळ्यांवर उभा, फळ्यांना मातीचा स्पर्श नाही, म्हणजे वाळवीला चढायला वाट नाही. दरसाल तेल पाजायचं काम चंदाबाईनं आपल्याकडे घेतल्यामुळे वर्षाची कुरकुर थांबली. बादल मुद्दाम रजा काढून आला. फळ्यांना असा रंग चढला होता की बघणारा आधी हात फिरवायचा आणि मग बोलायचा.

पहिल्या संध्याकाळी सगळा तांडा बघायला आला. पुरुषांनी खाली जोडे काढले, वर गेले आणि फळ्यांवर बसले. हिरासिंग गादीवर, पाठीशी लोड, हाताशी कडी. तो स्वतः कडी धरून उतरला तेव्हा लोकांनी वाहवा केली. बाया खाली अंगणात. त्यांच्यात, अगदी फळ्यांच्या कडेला, जमिनीवर चंदाबाई बसली. डेकची कड तिच्या डोक्याच्या वर होती. तिला तिथून काहीच दिसत नव्हतं.

राजकुमारनं विचारलं की पावसाच्या आधी विहिरीतला गाळ काढायला कधी लागायचं. हिरासिंग बोलला. राजकुमारला कळलं नाही. हिरासिंग पुन्हा बोलला. राजकुमारनं मान डोलावली, मग शेजारच्यानं डोलावली, मग सगळ्यांनीच. चंदाबाईला खालून ती शांतता ऐकू आली आणि काय झालं ते न बघताच समजलं. ती उठली, कडेला आली आणि फळ्यांवर हात टेकून टाचा उंचावून उभी राहिली. हिरासिंग तिच्याचकडे बघत होता. तो बोलला, हळूहळू, चार-पाच शब्द.

तिला ते स्पष्ट कळले. नायक म्हणत होता की ही खाट नाही, ही जमीन आहे, चंदानं वर येऊन बसावं.

आता हे मोठ्यानं सांगायचं कुणी? तिनंच. नायकाचा शब्द लोकांपर्यंत तिच्याच तोंडून जात होता, आणि हा शब्द तिच्याच फायद्याचा. उद्या कुणीही म्हटलं असतं की नायक बोलला की बाईनं स्वतःच्या मनानं जोडलं, कुणाला ठाऊक? सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. रुपीबाईही बघत होती. चंदाबाईचा चेहरा लाल झाला.

"चहा घ्या म्हनून राह्यले," ती म्हणाली.

हिरासिंगनं डावी मूठ फळीवर आपटली. लोक दचकले. त्यानं पुन्हा काही सांगितलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. एकच शब्द बोलला, आणि तो इतका जोर लावून की पायरीवरच्या वर्षालाही कळला: जोडा. वर्षानं आतून त्याचे धूळ खात पडलेले जोडे आणले आणि हातात धरून उभी राहिली, काय करायचं ते न कळून. त्यानं डावा पाय पुढे केला. तिनं तो जोडा चढवला. मग त्यानं धुळीनं माखलेला तो पाय उचलला आणि डोमाजींनी घासूनपुसून ठेवलेल्या सागावर आपटून टेकवला. डोमाजींच्या तोंडून हाय निघाली. हिरासिंग मान ताठ करून थेट आपल्या थोरल्या बहिणीकडे बघत राहिला.

खाटेवर जोडा ठेवणं ही त्या तांड्यात इतकी वाईट गोष्ट की त्यावरून सोयरिकी तुटलेल्या. नायकानं तर जन्मात ते केलं नसतं. रुपीबाई त्या जोड्याकडे पाहत उभी राहिली. मग ती हलली. पायऱ्या चढली आणि स्वतःचे जोडे न काढता फळ्यांवरून चार पावलं चालून दाखवली.

"खाटंवर कोनी जोड्यानं चालत नाई," ती म्हणाली. "जमीनच हाय हे. माहं चुकलं. ये व चंदा, वर ये."

चंदाबाई वर आली. आधी तिनं फळी हातानं झाडली, सवयीनं जरा इकडे-तिकडे सरकून बघितलं, आणि मग मांडी घालून बसली, नवऱ्यापासून हातभर अंतरावर, त्याच्या तोंडासमोर. पाठोपाठ बाकीच्या बाया वर आल्या. हिरासिंगनं श्वास घेतला आणि तो बोलायला लागला, तिच्याकडे बघत, एकेक शब्द जुळवत, बराच वेळ. सगळे थांबले होते. त्याचं बोलणं संपलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

"काय म्हनते नायक?" राजकुमारनं विचारलं.

चंदाबाईनं पदर खाली घेतला. आता तिनं एकही शब्द बदलायचा नव्हता.

"म्हनून राह्यले," ती म्हणाली, "का मंघाशी चंदा खोटं बोलली. चहाचं त्याइनं नावच काढलं नोहतं."